‘सध्या असंच राहू दे’: कोडमधल्या आणि कारभारातल्या वाईट सवयी

काही वर्षांपूर्वी मी एका कंपनीच्या बिलिंगच्या सॉफ्टवेअरवर काम करत होतो. महिनाअखेरीला ग्राहकांचा आकडा आणि निघालेल्या बिलांचा आकडा जुळायचा नाही. फरक थोडा असायचा, म्हणून अकाउंट्सवाले तो दर महिन्याला हाताने ‘ॲडजस्ट’ करून टाकायचे. शोधत शोधत मी कोडच्या ज्या तुकड्यापाशी पोचलो, तो मराठीत लिहायचा तर असा होता:

प्रत्येक ग्राहकासाठी:
प्रयत्न करा: बिल तयार करा
चूक आली तर: काही करू नका, पुढच्या ग्राहकाकडे जा

त्याच्या वर शेरा होता: ‘सध्या असंच राहू दे, नंतर बघू.’ शेरा सहा वर्षांचा जुना होता. लिहिणारा केव्हाच नोकरी सोडून गेला होता.

ज्या ग्राहकाच्या पत्त्यातला एखादा रकाना रिकामा असेल, त्याचं बिल बनवताना प्रोग्रॅम अडखळायचा आणि ही शेवटची ओळ ते अडखळणं गिळून टाकायची. पडद्यावर लाल अक्षरं नाहीत, लॉगमध्ये, म्हणजे प्रोग्रॅमच्या नोंदवहीत, नोंद नाही. चुकीचं बिल आलं की ग्राहक फोन करतो. बिल आलंच नाही तर तो कशाला फोन करेल? त्यामुळे सहा वर्षांत एकही तक्रार आली नव्हती.

त्या ओळीपेक्षाही अकाउंट्समधला ‘ॲडजस्ट’ हा शब्द माझ्या जास्त डोक्यात राहिला. कोडने चूक गिळली होती आणि ऑफिसने फरक गिळला होता. दोघांनी एकच गोष्ट केली होती, आणि दोघांचंही त्या दिवसापुरतं काम भागलं होतं.

चूक वेगळी, वाईट पद्धत वेगळी

बेरजेच्या जागी वजाबाकी लिहिली गेली, तर ती चूक. उत्तर चुकतं, म्हणून ती सापडते आणि दुरुस्त होते. वाईट पद्धतीचं तसं नसतं. ती उत्तर देते. डेमो पार पडतो, साहेब खूश होतात, माणूस वेळेवर घरी जातो. तिची किंमत पुढे कधीतरी मोजावी लागते, आणि बहुतेक वेळा ती मोजणारा माणूस दुसराच असतो.

अशा पद्धतींना १९९५ साली अँड्र्यू केनिग या प्रोग्रॅमरने ‘अँटिपॅटर्न’ हे नाव दिलं. वरवर पाहता उत्तरासारखं दिसणारं, पण उत्तर नसलेलं काहीतरी, असा त्याचा अर्थ. शब्द सॉफ्टवेअरमध्ये जन्मला, पण काही वर्षांतच तो कंपन्या चालवण्याच्या पद्धतींनाही लावला जाऊ लागला. ते मला अगदी योग्य वाटतं. इतकी वर्षं कोड वाचून माझं असं मत झालंय की कोडमधली वाईट सवय आणि कारभारातली वाईट सवय मुळात एकच असते. सोय एकाची होते, भुर्दंड दुसऱ्याला पडतो, आणि या दोघांमध्ये जितकं अंतर असेल तितकी ती सवय चिवट होते.

सगळ्यात ओळखीची सवय घ्या: कॉपी-पेस्ट. सवलत काढणाऱ्या दहा ओळी कुणीतरी बिलासाठी लिहितो. कोटेशनसाठी त्याच ओळी उचलून चिकटवल्या जातात, मग परत आलेल्या मालासाठी, मग रिपोर्टसाठी. वर्षभराने सवलतीचा नियम बदलतो. तीन ठिकाणी बदल होतो, चौथी जागा राहून जाते. ग्राहकाला कोटेशनमध्ये एक रक्कम दिसते आणि बिलात दुसरी, आणि फोनवर त्याची बोलणी खाणाऱ्या मुलीला या दहा ओळी जगात आहेत हेही माहीत नसतं. यावर ‘एकदाही पुनरावृत्ती नको’ असा कडक नियम काही जण सांगतात. तो मला पटत नाही. योगायोगाने सारख्या दिसणाऱ्या दोन गोष्टी जबरदस्तीने एकत्र बांधल्या, तर पुढे त्या वेगळ्या करताना कॉपी-पेस्टपेक्षा जास्त त्रास होतो. दोनदा चालेल, तिसऱ्यांदा तीच गोष्ट लिहायची वेळ आली की ती वेगळी काढावी, हा जुना अंदाज मला व्यवहारी वाटतो.

कोडच्या मध्येच ‘०.८५’ असा आकडा येतो आणि तो कुठून आला हे कुणालाच सांगता येत नाही, ही आणखी एक नेहमीची तऱ्हा. आकड्याला नाव द्या, प्रश्न मिटतो.

सर्वज्ञ फाइलचा प्रश्न मात्र असा मिटत नाही. प्रत्येक जुन्या सॉफ्टवेअरमध्ये अशी एक फाइल असते. हजारो ओळींची, सगळ्या गोष्टींत हात असलेली. तिच्यात बदल करायचा म्हटलं की टीम गप्प होते. ऑफिसमध्ये तिचं जुळं भावंड असतं: तो एक माणूस, ज्याच्याशिवाय पान हलत नाही. पासवर्ड त्यालाच ठाऊक, जुन्या ग्राहकांशी काय ठरलं होतं ते त्यालाच आठवतं. कंपनी त्याचं कौतुक करते, आणि तो बिचारा चार दिवस आजारीही पडू शकत नाही. किती माणसं अचानक गेली तर काम ठप्प होईल, या संख्येला सॉफ्टवेअरवाले ‘बस फॅक्टर’ म्हणतात. ती संख्या एक असेल तर दोष त्या माणसाचा नसतो. त्याच्या जोडीला दुसरं कुणी तयार करायला वेळ न देणाऱ्यांचा असतो.

पंचेचाळीस मिनिटं

न वापरलेलं कोड काढून टाकायला कुणाला वेळ नसतो. ‘चाललंय ना, कशाला हात लावता?’ हे वाक्य मी किती वेळा ऐकलंय, आणि खरं सांगायचं तर म्हटलंही आहे. त्या वाक्याची किंमत किती होऊ शकते, हे अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या शेअर दलाली कंपनीच्या प्रकरणात कळतं. ही घटना थोडी सावकाश बघू, कारण तिच्यात जवळजवळ प्रत्येक सवय एकेका पायरीवर उभी आहे.

या कंपनीकडे ऑर्डरी बाजारात पाठवणारी एक यंत्रणा होती. तिच्यात ‘पॉवर पेग’ नावाची एक सोय होती. २००३ साली तिचा वापर थांबला, पण कोड काढलं नाही. ऑर्डर पूर्ण झाली की नाही हे मोजणारा भाग २००५ साली यंत्रणेत दुसरीकडे हलवला गेला. त्यामुळे जुन्या पॉवर पेगला ‘आता पुरे’ हे कळण्याचा मार्गच उरला नाही. कुणी ते तपासून पाहिलं नाही. बंद पडलेली गोष्ट तपासणार कोण?

१ ऑगस्ट २०१२ रोजी न्यूयॉर्क शेअर बाजारात एक नवी योजना सुरू होणार होती. तिच्यासाठी कंपनीने नवं कोड लिहिलं, आणि ते सुरू करणारी खूण म्हणून पूर्वी पॉवर पेगला सुरू करणारीच खूण पुन्हा वापरली. नवं कोड आठ सर्व्हरवर चढवायचं होतं. सातांवर चढलं, एक राहिला. चढवणाऱ्याचं काम दुसऱ्या कुणी तपासावं अशी पद्धतच तिथे नव्हती.

त्या दिवशी बाजार उघडण्याआधी यंत्रणेने कर्मचाऱ्यांना ९७ ईमेल पाठवले. त्यांत पॉवर पेगचा उल्लेख होता. पण हे ईमेल धोक्याचा इशारा म्हणून बघायची सवय नव्हती, म्हणून कुणी त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही.

बाजार उघडला. आठव्या सर्व्हरवर नऊ वर्षांपूर्वीचं कोड जागं झालं आणि ऑर्डरी सोडत सुटलं. काहीतरी भलतंच चाललंय हे लक्षात आल्यावर लोकांना वाटलं, नवं कोडच बिघडलेलं असणार. म्हणून त्यांनी नीट चालणाऱ्या सात सर्व्हरवरून ते काढलं. आता आठही सर्व्हर जुनं कोड चालवू लागले. ग्राहकांच्या २१२ ऑर्डरींपोटी साधारण ४५ मिनिटांत १५४ कंपन्यांच्या शेअरांचे चाळीस लाखांवर व्यवहार झाले. तोटा ४६ कोटी डॉलरच्या वर गेला. पुढच्या वर्षी ती कंपनी दुसऱ्या कंपनीत विलीन झाली, आणि बाजार नियामकाने १.२ कोटी डॉलरचा दंड केला तो वेगळाच.

यात कुणी मूर्खपणा केला असं बोट ठेवून दाखवता येत नाही. जुनं कोड ठेवणं, जुनी खूण पुन्हा वापरणं, एकाच माणसावर विसंबणं, रोजच्या ईमेलकडे दुर्लक्ष करणं, यांतली प्रत्येक गोष्ट तुमच्या-माझ्या ऑफिसात आज चालू असेल.

कर्ज, पण वहीत न लिहिलेलं

अशा साचत गेलेल्या गोष्टींना ‘टेक्निकल डेट’, म्हणजे तांत्रिक कर्ज म्हणतात. ही उपमा वॉर्ड कनिंगहॅम या प्रोग्रॅमरने १९९२ साली वापरली. त्यांचं म्हणणं होतं की थोडं कर्ज कामाचा वेग वाढवतं, मात्र ते लवकर फेडलं पाहिजे. न फेडलेल्या कर्जाचं व्याज पुढच्या प्रत्येक कामावर चढतं. पुढे लोकांनी या शब्दाचा अर्थ बदलून टाकला. आता कसंही लिहिलेलं कोड खपवायचं असलं की ‘आपण थोडं कर्ज घेतोय’ असं मीटिंगमध्ये म्हणतात. कर्ज घेताना रक्कम, व्याज आणि परतफेडीची तारीख माहीत असते. इथे तिन्ही माहीत नसतात. आपल्या भाषेत याला आजचं मरण उद्यावर ढकलणं म्हणतात, आणि तो शब्दप्रयोग मला जास्त प्रामाणिक वाटतो.

व्यवस्थापकांना मी एक गोष्ट नेहमी सांगतो. बँकेचं कर्ज ताळेबंदात दिसतं. हे कर्ज दिसत नाही. ते वेगळ्या रूपात जाणवतं. पूर्वी दोन दिवसांत होणाऱ्या कामाला दोन आठवडे लागतात. चांगली माणसं सोडून जातात. नव्या माणसाला काम समजायला सहा महिने लागतात.

ऑफिसमधलं कोड

कारभारातली सगळ्यात महागडी सवय कोणती असं विचारलं, तर मी म्हणेन मोजमापाला पुजणं. अमेरिकेतल्या वेल्स फार्गो बँकेचं उदाहरण प्रसिद्ध आहे. प्रत्येक ग्राहकाकडे बँकेची आठ उत्पादनं असावीत, असं त्यांचं घोषवाक्यच होतं. खालच्या कर्मचाऱ्यांना रोजची टार्गेट होती. टार्गेट पुरं होईना, तेव्हा त्यांनी ग्राहकांना न विचारता त्यांच्या नावे खाती उघडायला सुरुवात केली. सप्टेंबर २०१६ मध्ये हे उघड झालं, तेव्हा अशी सुमारे वीस लाख खाती असावीत असा अंदाज होता. पुढे तो पस्तीस लाखांपर्यंत गेला. पाच वर्षांत ५,३०० कर्मचाऱ्यांना काढून टाकल्याचं बँकेने सांगितलं. टार्गेट वरून आलं होतं, नोकऱ्या मात्र मुख्यतः खालच्या गेल्या.

कोडमध्येही हेच घडतं. टेस्ट म्हणजे मुख्य कोड बरोबर चालतंय का हे आपोआप तपासणारं दुसरं कोड. ‘८० टक्के कोड टेस्टखाली आलंच पाहिजे’ असा हुकूम निघतो. महिन्याभरात आकडा गाठला जातो. टेस्ट उघडून बघावी तर ती कोड नुसतं चालवते, उत्तर बरोबर आहे का हे तपासतच नाही. आकडा हिरवा, भरवसा शून्य. अशा टेस्ट लिहिणाऱ्या मुलांवर मला राग काढवत नाही. त्यांना कुणी उत्तर मागितलंच नव्हतं, टक्के मागितले होते.

उशीर झालेल्या प्रोजेक्टवर आणखी माणसं टाकणं ही दुसरी सवय. संगणकतज्ज्ञ फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ सालीच लिहून ठेवलं की त्यामुळे प्रोजेक्ट आणखी लांबतो, कारण नव्यांना शिकवण्यात जुन्यांचा वेळ जातो आणि आपसातलं बोलणं वाढतं. हे वाक्य सगळ्यांना पाठ असतं, आणि डेडलाइन जवळ आली की सगळे विसरतात.

कोड आणि कारभार यांना जोडणारा दुवा प्रोग्रॅमर मेल्विन कॉनवे यांनी १९६८ साली दाखवला. जी संस्था एखादी यंत्रणा घडवते, त्या संस्थेतली माणसं एकमेकांशी जशी बोलतात तशाच आकाराची ती यंत्रणा होते. विक्री आणि वसुली या दोन खात्यांत बोलणं नसेल, तर त्यांची सॉफ्टवेअरंही बोलत नाहीत, आणि तुम्हाला तोच फोन नंबर दोन वेगळ्या फॉर्ममध्ये भरावा लागतो. वाईट बातमी वर न्यायला लोक घाबरत असतील, तर कोडमध्येही चुका गिळणाऱ्या ओळी सापडतात.

वजाचं चिन्ह

ब्रिटनमधल्या पोस्ट ऑफिसच्या शाखांचा हिशेब ठेवणाऱ्या ‘होरायझन’ या यंत्रणेत हे सगळं एकत्र आलं, आणि त्याची किंमत माणसांनी मोजली. यंत्रणा अजून देशभर लागायची होती, तेव्हा १९९८ सालच्या एका अंतर्गत अहवालात तिच्या कोडमधला एक नमुना दिला होता. काम साधं: दिलेल्या संख्येचं चिन्ह उलटं करायचं, पाचाचे उणे पाच. त्यासाठी संख्येपुढे वजाचं चिन्ह लावलं की झालं. तिथे लिहिलं होतं: संख्या शून्यापेक्षा लहान असेल तर तिचं चिन्ह काढा, नाहीतर तिच्यातून तिची दुप्पट वजा करा. पाच वजा दहा, उणे पाच. उत्तर बरोबर येतं! पण अहवाल लिहिणाऱ्यांनी स्पष्ट म्हटलं की हे लिहिणाऱ्याला साधं गणित आणि प्रोग्रॅमिंगचे मूळ नियमही कळत नाहीत. एक वेडीवाकडी ओळ स्वतः कुणाचं नुकसान करत नाही. पण पैशांचा हिशेब ठेवणारं कोड असं लिहिलं जातंय आणि कुणी ते वाचून अडवत नाही, हे ती सांगते. तो भाग नव्याने लिहावा असं आतल्या लोकांनी सुचवलं होतं. ते झालं नाही.

१९९९ पासून यंत्रणा शाखांमध्ये लागली. करारावर बोट ठेवून पोस्ट ऑफिस तूट या शाखा चालवणाऱ्या सबपोस्टमास्तरांकडूनच भरून घ्यायचं. म्हणजे कोड चुकलं तर भरपाई त्यांच्या खिशातून. एक दोष असा होता: शाखेत आलेली रोकड नोंदवताना पडदा अडकायचा. माणूस पुन्हा एंटर दाबायचा, आणि प्रत्येक दाबाला तीच रक्कम पुन्हा नोंदली जायची. २०१५ साली स्कॉटलंडमधल्या डॅलमेलिंग्टन इथे आठ हजार पौंडांची रोकड अशी चार वेळा नोंदली गेली. यंत्रणेच्या लेखी शाखेत बत्तीस हजार, हातात आठ हजार, तूट चोवीस हजार. आणि ‘कॉम्प्युटर बरोबरच चालत असणार’ असंच इंग्लंड आणि वेल्समधला कायदा गृहीत धरत होता.

मदतीसाठी फोन करणाऱ्या अनेकांना एकच उत्तर मिळालं: असा त्रास फक्त तुम्हालाच होतोय. माझ्या लेखी या प्रकरणातलं सगळ्यात क्रूर वाक्य हेच आहे. दोष कोडमध्ये होते, पण प्रत्येक माणसाला एकटं पाडायचं काम कारभाराने केलं. चोरी, खोटा हिशेब यांसारख्या आरोपांखाली नऊशेहून अधिक लोक दोषी ठरले. काही तुरुंगात गेले, कितीतरी जणांनी घरं विकली, काहींनी जीव दिला. ५५५ जण एकत्र येऊन न्यायालयात गेले, तेव्हा कुठे डिसेंबर २०१९ मध्ये यंत्रणेत दोष होते हे निकालात लिहिलं गेलं. शिक्षा एकदम रद्द करायला २०२४ साली संसदेला खास कायदा करावा लागला.

मग करायचं काय?

जे उघडं आहे ते दुरुस्त होतं, एवढंच मी अनुभवाने शिकलोय. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या कंपनीतल्या एका इंजिनियरने रात्री थकलेल्या अवस्थेत चुकीच्या सर्व्हरवरचा डेटा पुसला. बॅकअपच्या पाच पद्धती होत्या. ऐन वेळी एकही नीट कामाला आली नाही. बॅकअप बिघडल्याचे ईमेलसुद्धा पोचत नव्हते, वाटेतच नाकारले जात होते. योगायोगाने सहा तास आधी घेतलेली एक प्रत होती, तिच्यावर निभावलं. मात्र कंपनीने डेटा परत आणण्याचं काम सगळ्यांना थेट दाखवलं आणि नंतर कारणांचा सविस्तर अहवाल जाहीर केला. तो वाचून जगभरातल्या कितीतरी टीमनी आपले बॅकअप खरंच परत येतात का हे पहिल्यांदा तपासलं असेल. मी तरी तपासलं.

रोजच्या कामात मी तीन-चार गोष्टी पाळतो. तात्पुरतं कोड लिहायचं असेल तर त्यावर नाव आणि तारीख घालायची, आणि त्या तारखेनंतर टेस्ट मुद्दाम नापास होईल अशी सोय करायची. बंद केलेली सुविधा त्याच महिन्यात काढून टाकायची. आपलं कोड दुसऱ्याने वाचल्याशिवाय पुढे जाऊ द्यायचं नाही, मग घाई कितीही असो. आणि काही बिघडलं की ‘कुणी केलं’ याच्या आधी ‘हे होऊ कसं शकलं’ असं विचारायचं. हे शेवटचं सगळ्यात अवघड आहे, कारण ते एकट्याने करता येत नाही. वरच्याने आधी करावं लागतं.

त्या बिलिंगच्या कोडमधली ती ओळ आम्ही काढली. तिच्या जागी अडलेल्या प्रत्येक बिलाची, ग्राहकाच्या नावासकट, यादी निघू लागली. पहिल्या महिन्याला यादी पानभर आली आणि अकाउंट्सच्या मॅडम संतापून आमच्या टेबलापाशी आल्या. ‘आधी असं कधीच व्हायचं नाही. तुम्ही काय बिघडवून ठेवलंत?’ मी त्यांना जुना तुकडा दाखवला आणि ‘ॲडजस्ट’ केलेले जुने आकडे त्या यादीशेजारी ठेवले. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग खुर्ची ओढून बसल्या, आणि आम्ही दोघांनी दोन दिवस लावून एकेका ग्राहकाचा पत्ता पुरा केला. उठताना त्यांनी विचारलं, ‘ही यादी मला महिनाअखेरीच्या दोन दिवस आधी मिळेल का?’